जुनी होंडा सिटी आय-डीएसआय घेऊ का? इंजिनात काय बघायचं?

पेट्रोलहेड_नाशिक: मंडळी, २००५ ची सिटी बघतोय, १.५ आय-डीएसआय. मालक म्हणतो टायमिंग बेल्टचा खर्च नाही, चेन आहे. खरंय का, आणि या इंजिनाचं नेमकं काय बिघडतं?

चिंचवडकर: चेनच आहे, खरंय. १४९७ सीसी, चार सिलेंडर, पण व्हॉल्व्ह आठच आणि स्पार्क प्लगसुद्धा आठ, प्रत्येक सिलेंडरला दोन, तेच आय-डीएसआय. पॉवर ७७ बीएचपीच्या आसपास म्हणजे फार नाही, पण कमी आरपीएमला मस्त ओढते आणि अ‍ॅव्हरेज झकास. आता मुख्य मुद्दा, मागचे चार प्लग फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) बाजूला दडलेत, तिथे हात पोचवायला वायपरखालचं प्लॅस्टिक काढावं लागतं, म्हणून बरेच मेकॅनिक पुढचे चार बदलून आठचं बिल लावतात! मागचे उघडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) थरथरत असेल तर आधी प्लग, मग कॉइल, मग इंजिन माउंट बघा.

सुनील_के: +१. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पण सेट करून घ्या, आपोआप सेट होणारे हायड्रॉलिक नाहीत, स्क्रूवाले आहेत. आवाज येत नाही म्हणजे ठीक असं अजिबात नाही, फट संपून टाइट झालेला व्हॉल्व्ह आवाज करतच नाही, गुपचूप जळतो. सीएनजीवर व्हॉल्व्ह जास्त झिजतात, म्हणून ती लावलेली असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट (सिलेंडरमध्ये दाब नीट बनतो का ते) केल्याशिवाय टोकन देऊ नका.

पेट्रोलहेड_नाशिक: सीएनजी होती म्हणे, किट काढलंय. मग टेस्ट करतोच, धन्यवाद दादा 🙏