मदत हवी आहे: दुकानांमधला खजिना शोध, शब्द आधीच फुटतोय!

सणाच्या आठवड्यात बाजारपेठेतल्या बारा दुकानांत मुलांसाठी खजिना शोध ठेवतोय. प्रत्येक काचेत एक चित्र, त्याखाली एक अक्षर. अक्षरं जुळवली की शब्द. काल घरच्या दोघांना फिरवून पाहिलं. मोठीने सातव्या दुकानातच शब्द ओळखला, आणि धाकटा काचेला नाक लावून उभा, चित्र त्याच्या डोक्याच्या हातभर वर! चित्रं खाली घेतो, ते सोपं आहे.

पहिल्याच दारात गर्दी नको (दुकानदार आत्ताच कुरकुरतायत) म्हणून प्रत्येक नकाशावर सुरुवात वेगळी द्यावी म्हणतोय. त्याने अक्षरांचा क्रमही मोडेल. पण वाचता न येणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांना काय द्यायचं? नुसत्या चित्रांवर खुणा करायला लावल्या तर कंटाळतील का? कुणी केलंय असं?