टायमिंग 'पुढे' घेतलं म्हणजे लवकर की उशिरा?

अनुवादिका : मॉडिफाय केलेल्या इंजिनांच्या ट्यूनिंगवरचं एक मॅन्युअल मराठीत आणते आहे. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं किंवा कॅमशाफ्ट बदलली, की पेट्रोल-हवेचं मिश्रण आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी कधी पडते ते) दोन्ही नव्याने जुळवावं लागतं, त्यावरचं प्रकरण. मी लिहिलं, 'नॉकिंग ऐकू आलं तर टायमिंग २ अंश मागे घ्या.' (नॉकिंग म्हणजे मिश्रण अवेळी भडकून होणारी ठकठक.) तपासणाऱ्या बाईंचा शेरा आला : 'वेळ मागे घेणं म्हणजे अलीकडे आणणं ना? मग ठिणगी लवकर पडेल.' त्यांचंही खरंच आहे. परीक्षा पुढे गेली म्हणजे उशिरा गेली. ठिणगी पुढे घेतली म्हणजे मात्र लवकर पडली. वाचकाने उलट अर्थ घेतला तर नॉकिंग वाढून पिस्टनला भोक पडायचं. काय लिहू? आणि रिच-लीनला (मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा कमी) काही सुचतंय का?

बोनेटखाली : अ‍ॅडव्हान्स (लवकर), रिटार्ड (उशिरा), रिच, लीन. गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला हे शब्द कळतात, तसेच ठेवा.

जुना फिटर : कळतात, पण 'पुढे-मागे'चा घोळ हाताशीही होतो. डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग, असलेल्या इंजिनात त्याच्या आतला रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने बॉडी फिरवली, तर ठिणगी उशिरा पडते. उलट फिरवली तर लवकर. म्हणजे हाताला जे पुढे, ते टायमिंगला मागे. आमचे उस्ताद म्हणून 'पुढे-मागे' बोलूच देत नसत, 'लवकर कर', 'उशिरा कर' एवढंच. व्हॅक्युमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं, क्लॅम्पचा बोल्ट बॉडी जेमतेम हलेल इतकाच सैल करायचा, टायमिंग लाइट पुलीवर मारायचा आणि खूण आकड्यावर स्थिर दिसेपर्यंत बॉडी केसभर केसभर सरकवायची. बोल्ट आवळताना खूण पुन्हा हलते, म्हणून आवळल्यावर परत बघायचं. ताई, तुम्ही 'लवकर-उशिरा' लिहा.

मायबोलीप्रेमी : आपल्याकडे 'आगाऊ' हा अस्सल शब्द असताना इंग्रजी कशाला? आगाऊ रक्कम, आगाऊ सूचना, तशी आगाऊ ठिणगी. रिटार्डला विलंबित ठिणगी. 'आगाऊ' हा 'अग्र'वरून आला असावा, म्हणजे अर्थही चपखल.

तानपुरा : विलंबित म्हटलं की मला संथ लय आठवते, उशीर नव्हे. विलंबित ठिणगी वाचून मला ती सावकाश पडते असंच वाटेल. आणि 'आगाऊ'चं मूळ मला 'आग'मध्ये दिसतं.

मायबोलीप्रेमी : आगाऊ रकमेत कुठे आग आहे? आगाऊ पोरगा म्हणजेसुद्धा आपली पाळी यायच्या आत बोलणारा.

बोनेटखाली : नेमकी तीच अडचण आहे. 'इंजिन आगाऊ झालंय' असं मॅन्युअलमध्ये वाचून कोण पाना उचलेल?

प्रॅक्टिकलचे सर : मूळ गोष्ट सांगून टाकली की शब्दाचं ओझं कमी होतं. मिश्रण जळायला वेळ लागतो, म्हणून पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. आरपीएम वाढले की तेवढ्याच वेळात क्रँक जास्त अंश फिरतो, म्हणून ठिणगी आणखी आधी. मी वर्गात 'टोकाआधी १० अंश', 'टोकाआधी २८ अंश' असं सांगतो. २ अंश मागे घ्या याऐवजी 'टोकाआधी २८ होतं, ते २६ करा' लिहिलं, की उलट वाचायला जागाच उरत नाही.

रिच-लीनचा घोळ मला याहून मोठा वाटतो. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, तर पूर्ण थ्रॉटलला ताकदीसाठी १२.५ ते १३च्या आसपास ठेवतात. म्हणजे आकडा उतरला की मिश्रण रिच! 'मिश्रण वाढवा' लिहिलंत तर वाचक आकडा वाढवेल आणि भर लोडवर इंजिन लीन चालवेल. 'पेट्रोल वाढवा', 'पेट्रोल कमी करा' असंच लिहा.

बोनेटखाली : १४.७ला तरी चिकटू नका. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलं की तो आकडा खाली येतो, निव्वळ इथेनॉलचा ९च्या आसपास आहे. लॅम्डा लिहा, म्हणजे प्रत्यक्षातली हवा भागिले पूर्ण जळायला लागणारी हवा; संतुलन कुठल्याही इंधनाला १.

मायबोलीप्रेमी : रिचला 'दाट', लीनला 'विरळ'. दोन्ही रोजच्या वापरातले.

तानपुरा : विरळ तर डोंगरावरची हवासुद्धा असते. तिथे कार्ब्युरेटरचं इंजिन उलट रिच होतं. मग 'विरळ हवेत मिश्रण दाट होते' असं लिहिणार का?

जुना फिटर : आम्ही प्लग काढून बघायचो. कोरडी काळी काजळी असली तर रिच, पांढराफटक असला तर लीन, बदामी असला की सोडून द्यायचं. 'काळ्यावर आहे', 'पांढऱ्यावर आहे' एवढं पुरायचं. टू-स्ट्रोकवाले मात्र मिश्रण म्हणजे पेट्रोलमधलं ऑइल समजतात. ऑइल वाढवलं की जेटमधून (कार्ब्युरेटरच्या बारीक भोकातून) तेवढं पेट्रोल कमी जातं, म्हणजे त्यांच्या भाषेत मिश्रण वाढलं आणि इंजिन झालं लीन.

अनुवादिका : 'टोकाआधी अमुक अंश' मला पटतंय. पण ते टोक नेमकं कशाचं, हे दर वेळी सांगावं लागेल.

मायबोलीप्रेमी : 'दट्ट्या वरच्या टोकाला' म्हणा. दट्ट्या शाळेपासून सगळ्यांना माहीत आहे, पिस्टन कशाला?

बोनेटखाली : दट्ट्या पिचकारीत असतो. रिंग बसवतात तो पिस्टन.

प्रॅक्टिकलचे सर : शाळेच्या पुस्तकात इंजिनाच्या आकृतीतही दट्ट्याच लिहिलेलं वाचलं आहे.

तानपुरा : अनुवादिकाताई 'टायमिंग घेतलं' लिहितात. आमच्या घरी सगळे 'टायमिंग चुकला' म्हणतात. हा शब्द पुल्लिंगी नाही का?

जुना फिटर : टायमिंग 'बसतं'. बसतो म्हणणारा फिटर मला भेटलेला नाही.

तानपुरा : पण 'वेळ'सुद्धा दोन्ही लिंगांत चालतोच की.