ड्रायव्हरमधला केफ्रीच्या आधीचा नल चेक काढू का?

प्रश्न: लिनक्स कर्नलला पहिला पॅच (कोडमधला बदल) पाठवायचाय. एका जुन्या ड्रायव्हरमध्ये केफ्रीच्या (kfree, घेतलेली मेमरी सोडणारं फंक्शन) आधी पॉइंटर नल, म्हणजे रिकामा, आहे का बघणारा इफ आहे, तो उडवला तर चालेल ना? सोबत स्पेसिंगपण नीट करतो, एकाच पॅचमध्ये.

उत्तर १: इफ बिनधास्त उडव, केफ्रीला नल दिला तरी ती काही न करता परत येते. स्पेसिंगचा पॅच मात्र वेगळा कर, नाहीतर मेंटेनर (तो कोड सांभाळणारा) परत पाठवणार.

उत्तर २: थांब, मेमरी डेव्हएमवाल्या (devm_ ने सुरू होणाऱ्या, मेमरी आपोआप सोडली जाणाऱ्या) फंक्शनने घेतलीये का ते आधी बघ, तसं असेल तर साधी केफ्री तिथे असणंच चूक, कारण डिव्हाइस सुटताना कर्नल तीच मेमरी पुन्हा सोडायला जातो, म्हणजे डबल फ्री, मग ही साफसफाई नाही बगफिक्स झाला आणि कमिट मेसेजमध्ये (पॅचसोबतच्या वर्णनात) तसं लिही.

उत्तर ३: आणि 80 अक्षरांपुढच्या ओळी तोडत बसू नको रे, चेकपॅच (पॅचची शैली तपासणारी कर्नलची स्क्रिप्ट) 2020 पासून 100 पर्यंत गप्प बसतो.