हरिपाठाची गोडी घरच्यांना कशी लावावी?

प्रश्न : नवा वारकरी
आळंदी ते पंढरपूर पायी वारी केल्यापासून मी रोज दिवेलागणीला ज्ञानेश्वर माउलींचा हरिपाठ म्हणतो. ‘देवाचिये द्वारीं उभा क्षणभरी’ हा पहिला अभंग सुरू होताच मनाला जे समाधान लाभते, ते घरच्यांनाही मिळावे अशी फार इच्छा आहे. पत्नी शेजारी बसते, परंतु तिचे लक्ष कुकरच्या शिट्ट्यांकडे असते. आठवीतला मुलगा थोड्याच वेळात घड्याळ पाहू लागतो. सक्ती केल्यास नावड निर्माण होईल, अशी भीती वाटते. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : टाळकरी
माउली, या वयाच्या मुलाला मांडी घालून सगळे २७ अभंग नुसते ऐकायला बसवले, तर तो घड्याळ पाहणारच. हरिपाठ हा टाळ वाजवत, पावली खेळत, म्हणजे ठेक्यावर पावले टाकत नाचत, म्हणायचा प्रकार आहे. आमच्याकडे हरिनाम सप्ताहात मुले येतात ती पावलीसाठीच, आणि अभंग त्यांना नकळत पाठ होतात. त्याच्या हाती टाळ द्या. दोरी बोटांना गुंडाळून टाळ सैल धरायचा असतो, घट्ट आवळला की नाद दबतो, एवढे दाखवले तरी पुरे. सुरुवातीला दोन-तीनच अभंग घ्यावेत, पण चालीत.

उत्तर : एक गृहिणी
दादा, राग मानू नका. दिवेलागणीची वेळ तुमच्या सोयीची आहे. त्याच वेळी स्वयंपाक ताईंच्या गळ्यात असेल, तर त्यांचे मन अभंगात लागावे कसे? एक तर भाजी तुम्ही चिरून द्या, नाहीतर जेवणे उरकल्यावर हरिपाठ घ्या. आणि ‘तुला किती आनंद झाला?’ असे दर वेळी विचारू नका.

उत्तर : संतसाहित्याचा वाचक
वरील गृहिणींच्या मताशी सहमत आहे. आपल्यासारखाच अनुभव घरच्यांनाही यावा, असा आग्रह नको. संत चोखोबांच्या (चोखामेळ्यांच्या) घरात पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका आणि मुलगा कर्ममेळा या सर्वांनी अभंगरचना केली. मात्र कोणीही चोखोबांचीच री ओढली नाही. सोयराबाईंनी ‘अवघा रंग एक झाला’ म्हटले, तर कर्ममेळ्याने आपल्याला हीन जन्म का दिला, असा जाब देवालाच विचारला. तेव्हा मुलाने उद्या ‘हे रोज कशासाठी म्हणायचे?’ असे विचारले, तर त्याला गप्प करू नका. तुम्हाला वारीत काय गवसले, ते त्याला मोकळेपणाने सांगा. पटले नाही तर त्याला वाद घालू द्या.