भाऊ सुटून आला, पण काम मिळत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ सात वर्षांची शिक्षा भोगून दिवाळीआधी घरी आला. आम्ही लालबागला राहतो. नाशिकरोड कारागृहात तो सुतारकाम शिकला, आणि दहावीला गटांगळ्या खाणारा हा पोरगा तिथे मुक्त विद्यापीठातून चक्क बी.ए. झाला! रंधा हातात घेतला की तासन्‌तास मान वर करत नाही.

अडचण पुढची. दोन ठिकाणी काम आवडलं, मग पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणा म्हणाले आणि विषय संपला. तिसऱ्या ठिकाणी त्याने स्वतःच खरं सांगितलं, तर चहाही अर्धा राहिला. आता तो चाळीत कुणाच्या नजरेला नजर देत नाही. आईला वाटतं गावी पाठवावं. मला पटत नाही.

टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून सुटलेल्या बंद्यांसाठी काम करतो, एवढं माहीत आहे. तिथे कुणी गेलंय का? सोबत काय कागद न्यावेत? आणि फर्निचरच्या कारखान्यात, भूतकाळ माहीत असूनही, आठवडाभर हात बघून घेणारं कुणी ओळखीत आहे का? परळ ते ठाणे कुठेही चालेल.