उष्ण प्रदेशातील फळांची घरगुती वाईन : पहिल्या प्रयत्नांचे अनुभव

ब्रिस्बेन

आमच्या परसात ‘केन्सिंग्टन प्राइड’ जातीच्या आंब्याचे एक जुने झाड आहे. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात ते असे लगडले की आमरस, साठे आणि मुरांबा करून, शेजाऱ्यांना पिशव्या भरभरून देऊनही तीन टोपल्या उरल्या आणि तेव्हा मी पहिल्यांदा वाईन करायला घेतली. या विषयावरची बहुतेक माहिती द्राक्षाभोवतीच फिरते. द्राक्षात साखर, आम्ल आणि पाणी यांचा मेळ मुळातच असा बसलेला असतो की नवशिक्याचेही काम बरेच सोपे होते. आंबा, अननस, जांभूळ, केळे यांचे तसे नाही. कुठे साखर अपुरी पडते, कुठे आम्ल, तर कुठे गर इतका दाट असतो की रस सुटतच नाही. म्हणून ज्यांनी या फळांची वाईन पहिल्यांदा केली, त्यांनी काय केले आणि काय बिघडले ते सविस्तर लिहावे, अशी इतर ठिकाणच्या वाचकांना विनंती आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. येथे ऑस्ट्रेलियात स्वतःपुरती वाईन करता येते, पण ती विकता येत नाही, आणि भट्टी लावून दारू गाळायची तर परवाना लागतो. आपापल्या ठिकाणचा नियम पाहूनच हात घालावा.

माझ्या पहिल्या खेपेला २ किलो गर, ९०० ग्रॅम साखर आणि एकूण ५ लिटर होईल इतके पाणी घेतले होते. जंतू मरावेत म्हणून मी गर चांगला रटरटून उकळला आणि तीच चूक झाली. आंब्यात पेक्टिन, म्हणजे रस घट्ट करणारा फळातला पदार्थ, भरपूर असते. मुरांबा दाट होतो तो काही अंशी त्याच्याच बळावर. उकळल्याने ते पाण्यात पुरते उतरले आणि आठ महिने ठेवूनही वाईन ताकासारखी धुरकट राहिली. दुसऱ्या वर्षी गर कच्चाच घेतला, त्यात जंतू मारणारी सल्फाइटची एक गोळी कुस्करून घातली, बारा तासांनी पेक्टिन तोडणारे एन्झाइम आणि त्यानंतर आणखी बारा तासांनी वाईनचे यीस्ट घातले. हायड्रोमीटरवर (रसाची घनता मोजणारी नळी; यीस्टने साखर खाल्ली की आकडा उतरतो) सुरुवातीला १.०८८ आणि शेवटी ०.९९८ हे आकडे आले, म्हणजे अल्कोहोल सुमारे १२ टक्के झाले. चार महिन्यांत ती निवळली आणि बाटलीमागे धरलेल्या वर्तमानपत्राची अक्षरे वाचता येऊ लागली. चवीबद्दल मात्र आधीच सांगून ठेवतो: साखर यीस्टने खाल्लेली असते, त्यामुळे वास हापूसच्या जवळचा येतो, पण जीभ ज्या गोडव्याची वाट पाहते तो येत नाही. माझ्या पत्नीला पहिला घोट अजिबात आवडला नव्हता. सहा महिन्यांनी त्याच बाटलीतली वाईन तिने स्वतःहून मागितली.

लेस्टर

आमच्याकडे ताजा आंबा महाग पडतो, म्हणून मी अननसापासून सुरुवात केली, आणि सोलण्याचा कंटाळा करून खोक्यातला रस आणला. तीन दिवस झाले तरी एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न येऊ देणारी बुचातली नळी) एकही बुडबुडा निघाला नाही. यीस्ट जुने असावे असे समजून दुसरे पाकीट घातले, तेही निपचित पडले. मग खोक्यावरची बारीक अक्षरे वाचली, तर त्यात पोटॅशियम सॉर्बेट होते. रस आंबू नये म्हणूनच ते घातलेले असते. त्यात यीस्टची वाढ होत नाही. खोक्यातला रस किंवा डब्यातला गर वापरणार असाल तर घटकांची यादी आधी वाचावी.

दुसऱ्या वेळी तीन ताजे अननस घेतले. रस छान फसफसू लागला, पण नोव्हेंबरात मी साडेचार लिटरचा काचेचा बुधला गॅरेजमध्ये ठेवला आणि थंडीने काम मंदावत जाऊन थांबले. बुडबुडे बंद झाले, वाईन निवळली, म्हणून फेब्रुवारीत मी निश्चिंतपणे बाटल्या भरल्या. आकडा १.०२० होता, म्हणजे साखर बरीच शिल्लक होती, पण त्याचा अर्थ तेव्हा मला कळत नव्हता. जूनमध्ये ऊन वाढले, यीस्ट पुन्हा जागे झाले आणि एका रात्री कपाटात बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला. सहापैकी दोन बाटल्या फुटल्या होत्या आणि काचेचा एक तुकडा कपाटाच्या फळीत रुतून बसला होता. त्या कपाटाशेजारी माझा मुलगा खेळायला बसत असे. तेव्हापासून बुडबुड्यांवर माझा विश्वास नाही. आठवड्याच्या अंतराने तीन वेळा हायड्रोमीटर लावून आकडा १.००० च्या खाली आणि तोच राहिला, तरच मी बाटली भरते.

न्यू जर्सी

माझे माहेर पालघरचे, त्यामुळे बहाडोलीच्या टपोऱ्या जांभळांची आठवण पाठ सोडत नाही. येथे भारतीय दुकानात गोठवलेली जांभळे मिळतात, आणि वाईनसाठी ती उलट सोयीची ठरतात, कारण गोठताना फळाच्या पेशी फुटतात आणि ते वितळले की रस आपोआप सुटतो. मी घाईने बियांसकट मिक्सर फिरवला. बियांचा तुरटपणा असा उतरला की घोट घेताच टाळ्याला जीभ चिकटावी. टाकून द्यायचे जिवावर आले, म्हणून बरणी तशीच ठेवून दिली. चौदा महिन्यांनी तुरटपणा थोडा मवाळ झाला, पण गेला नाही. पुढच्या खेपेला मी आणि सासूबाईंनी परातीत हाताने जांभळे कुस्करली, बिया फडक्यात बांधून दोन दिवस रसात ठेवल्या आणि मग काढून टाकल्या. रंग तर इतका गडद आला की पेल्याच्या कडेला जांभळी रेघ उमटते.

मधेच एकदा कुजक्या अंड्यासारखा वास सुटला होता. यीस्टला नायट्रोजन कमी पडला की असे होते. मी नायट्रोजन पुरवणारे डायअमोनियम फॉस्फेट अर्धा चमचा घातले आणि वाईन गाळावरून दुसऱ्या भांड्यात ओतून घेतली. आठवड्यात वास गेला.

डिचोली

मी वाईन केलेली नाही, पण इथे गोव्यात आमच्या आजोबांची काजूची दारू गाळायची परवान्याची भट्टी होती, म्हणून लिहिते. कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडीत, काजूचे बोंडू तुडवून काढलेला रस एप्रिलच्या उकाड्यात यीस्ट न घालताच तीनेक दिवसांत फसफसून तयार होतो. फळावरच्या आणि हवेतल्या रानटी यीस्टचे ते काम असते. परंतु तो रस पुढे गाळण्यासाठी असतो, त्यापासून हुर्राक आणि फेणी या काजूच्या दारू निघतात. तसाच ठेवला तर लवकरच आंबूस होतो. महिनोन्महिने टिकवायच्या वाईनला हा मार्ग नवशिक्याने धरू नये.

घरच्या वाईनमध्ये मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल तयार होईल, अशी भीती काहींना वाटते. पेक्टिनमुळे फळांच्या वाईनमध्ये ते अत्यल्प प्रमाणात तयार होतेच, पण भट्टीत न गाळलेल्या वाईनमध्ये ते धोक्याच्या पातळीला पोचत नाही. विषारी दारूच्या ज्या बातम्या आपण वाचतो, त्यांतील बहुतेकांच्या मुळाशी औद्योगिक मिथेनॉलची भेसळ असते.

मेलबर्न

माझा अनुभव लहानसा आहे. पपईची वाईन मी उघड्या बादलीवर साधे फडके टाकून ठेवली. फडक्याची एक कड सुटली आणि चिलटे आत गेली. त्यांच्या पायांबरोबर शिरका (व्हिनेगर) करणारे जिवाणू येतात. तीन आठवड्यांनी फडके काढले तेव्हा डोळ्यांत पाणी आणणारा वास आला. दहा लिटर पपईचा शिरका अजून स्वयंपाकघरात आहे, कोशिंबिरीला चांगला लागतो. आता फडक्याला रबरी पट्टा लावते, आणि पहिला जोर ओसरला की रस लगेच गळ्यापर्यंत भरलेल्या बुधल्यात ओतून एअरलॉक लावते.

ब्रिस्बेन

लेस्टरच्या ताईंचा अनुभव वाचून मी त्याच संध्याकाळी तळघरातल्या बाटल्या उघडून मोजल्या. पॅशनफ्रूटच्या चार बाटल्यांत १.०१२ आकडा निघाला. त्या परत बुधल्यात ओतल्या आहेत आणि बुधला स्वयंपाकघरात, जिथे दिवसभर २२ अंशांच्या आसपास तापमान असते, तिथे आणून ठेवला आहे. आज सकाळी एअरलॉकमधून दर वीस सेकंदांनी एक बुडबुडा निघत होता.