[मंडळ] मार्चमधली कुत्र्यांची शर्यत आणि रविवारची मराठी शाळा

प्रेषक: शिल्पा

मंडळी, नमस्कार,
मार्च जवळ आलाय म्हणून आत्ताच लिहितेय. आमच्या चिरंजीवांच्या वर्गात अलास्कातली इडिटारॉड फॉलो करतात, कुत्र्यांच्या स्लेजची शर्यत, अँकरेज ते नोम, साधारण १,६०० किमी. प्रत्येक मुलाने एक मशर, म्हणजे स्लेज हाकणारा, निवडायचा आणि रोज नकाशावर त्याची टाचणी सरकवायची. स्लेजवर जीपीएस असतो त्यामुळे घरबसल्या कळतं कोण कुठे पोचलंय. मागच्या वेळी आमच्याकडे दात घासायच्या आधी लॅपटॉप उघडायचा, आणि एके दिवशी सकाळी रडारड, का तर "माझा मशर हलतच नाहीये, कुत्रे मेले का?" बघितलं तर सक्तीची २४ तासांची विश्रांती चालू होती! ती प्रत्येकाला एकदा घ्यावीच लागते, शिवाय युकॉन नदीवर आठ तास आणि शेवटी व्हाइट माउंटन गावात आणखी आठ.
तर प्रस्ताव असा की आपल्या शाळेतही करूया, मराठीतून. 'माझे आवडते फळ' वर चार वाक्यं काढून घेताना आपल्याच घशाला कोरड पडते, इथे मुलं आपणहून बोलतील.

प्रेषक: मंदार

शिल्पाताई, कल्पना छान पण मला जरा खटकतंय. २०२४ ला या शर्यतीत तीन कुत्रे दगावले. गावाकडे बैलगाडा शर्यतींवरून आपले लोक सुप्रीम कोर्टापर्यंत भांडले, २०१४ ला बंदी आली, २०२३ ला कोर्टाने नवा कायदा मान्य केला, तरी वाद काही मिटलेला नाही. आणि इथे आपण मुलांना टाळ्या वाजवायला बसवणार? प्राण्यांचे हाल होतात हेही सांगणार का त्यांना?

प्रेषक: काका

मंदार, प्रश्न रास्त आहे, सांगायलाच हवं. पण दुसरी बाजूही ऐक. मी नोकरीनिमित्त अँकरेजला होतो. तिथे शहरातल्या रस्त्यावर ट्रकने बर्फ आणून पसरतात, कुत्रे भुंकून भुंकून नुसता गोंधळ घालतात, उड्या मारतात, माणसं धरून ठेवतात तरी आवरत नाहीत आणि गाडी सुटली की एकदम गप्प, मान खाली, पळत सुटले. त्यांना मारून पळवावं लागत नाही, थांबवावं लागतं. आता म्हणून सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही, कुत्रा नाही कुठे म्हणू शकतो?
हल्ली जास्तीत जास्त १६ कुत्रे जुंपतात, शेवटी निदान ५ लागतात. दमलेला किंवा लंगडणारा कुत्रा चेकपॉइंटवर, म्हणजे वाटेतल्या थांब्यावर, ठेवायचा, तिथे जनावरांचे डॉक्टर असतात, मग हौशी वैमानिक त्याला छोट्या विमानातून परत नेतात. मुलांना आवडेल ते म्हणजे मुक्कामाला पोचल्यावरचं काम. आधी पेंढा पसरायचा, बर्फ वितळवून पाणी करायचं, खाणं भिजवायचं, एकेकाच्या पायातले मोजे काढून पंजे तपासायचे, कुत्रे जेवून झोपले की मग मशरचं जेवण, आणि झोप मिळाली तर मिळाली.
आणि २०१४ चा शेवट नक्की सांगा! जेफ किंग सगळ्यात पुढे होता, वादळाने त्याला वाटेवरून उडवलं, त्याने माघार घेतली. ॲली झर्कल वादळ निवळायची वाट बघत सेफ्टी नावाच्या शेवटच्या चेकपॉइंटला थांबली. मागून डॅलस सीव्ही आला तो न थांबता गेला, त्याला पत्ताच नाही की आपण पहिले आहोत, त्याला वाटलं तिसऱ्या नंबरसाठी बापाशी चढाओढ चाललीय. अडीच मिनिटंही फरक नव्हता. मागून येणाऱ्याच्या डोक्यावरचा जो दिवा त्याला बापाचा वाटला तो बापाचा नव्हताच, ॲलीचा होता, आणि बिचारीचा सलग तिसऱ्यांदा दुसरा नंबर.

प्रेषक: शिल्पा

काका, हे तुम्हीच येऊन सांगा, माझ्याच्याने असं रंगणार नाही. मंदार, एका रविवारी तुम्ही मोठ्या मुलांसमोर विरुद्ध बाजू मांडाल का? खरंच विचारतेय, चिडून नाही. आणि २०२५ ला बर्फच कमी म्हणून शर्यत फेअरबँक्सहून सोडावी लागली होती, तेही त्यात घेता येईल.
प्रत्येकाने पुढचाच मशर निवडायचा नाही असा नियम ठेवूया, शेवटच्यालाही लाल कंदील देतात, तो कोण हे बघायला जास्त मजा येते आणि शर्यतही आणखी काही दिवस लांबते.
बाकी मंडळाच्या प्रोजेक्टरची वायर कोणाकडे आहे? दिवाळीपासून सापडत नाहीये.